हेकट

चांदणी चौकातला जुना पूल पाडला ती रात्र आमच्या भूगावात फारशी कोणी झोपून काढली नाही. २०२२ चा ऑक्टोबर, १ तारीख संपून २ लागलेली, रात्रीचा एक. सहाशे किलोच्या आसपास स्फोटकं भरली आहेत आणि काही सेकंदांत पूल भुईसपाट होणार, हे टीव्हीवाले दिवसभर घोकत होते. आम्ही गच्चीत चादरी घेऊन बसलो. आवाज झाला. धूळ बसली आणि बघतो तो पूल बराचसा जागच्या जागी. सळयांना लोंबकळत का होईना, पण उभा. शेवटी पोकलेन आणून त्याला हाताने मोडावा तसा मोडला.

सकाळी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. हिंजवडीला नोकरीला जाणारा एक पोरगा म्हणाला, "पूल आडमुठाच निघाला की." बाकड्यावर एक जुने पैलवान बसले होते, त्यांनी बशी खाली ठेवली. "आडमुठा? अरे, चिवट म्हण. एवढा दारूगोळा अंगावर घेऊन उभा राहिला गडी." मग दोघांची जुंपली. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलेलं, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. "गुरुजी, तुम्ही सांगा, कोणता शब्द बरोबर?"

मी दोन्ही बरोबर म्हटलं आणि दोघांनाही राग आला. पण खरंच तसं होतं. त्या पोराचा रोज सकाळी त्या पुलाखाली तासभर जायचा. पैलवानांना त्या रस्त्याने कुठे जायचंच नव्हतं.

चिवट हा पैलवानांच्या तोंडातला शब्द. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आमच्या भूगावात झाली. अभिजित कटकेने किरण भगतला हरवून गदा नेली. त्या चार दिवसांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की शेवटी कोणाला लावतात ते बघत बसलो. जिंकलेल्याला कोणी चिवट म्हणत नाही. 'चिवट लढला' हे हरलेल्यासाठी राखून ठेवलेलं असतं. पूलही शेवटी हरलाच होता.

नोकरीत असताना एकदा सातवीच्या वर्गात मी 'न ऐकणारा माणूस' असं फळ्यावर लिहून त्याला काय काय म्हणतात ते विचारलं होतं. पाच मिनिटांत फळा भरला. हट्टी, हेकट, हेकेखोर, आडमुठा, अडेलतट्टू, ताठर, नाठाळ, चिवट, जिद्दी, करारी, बाणेदार, दुराग्रही, एककल्ली. मागच्या बाकावरून एकाने "गुरुजी, आमचा बाप" असं सुचवलं, तेही मी लिहिलं. मग ऐकणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते विचारलं. आज्ञाधारक, गरीब, साधा आणि मेंगळट. पुढे कोणाला सुचेना.

यातले बरेच शब्द थेट गोठ्यातून आलेत. आमच्या मुळशीत भाताची चिखलणी चालू असताना एखादा बैल गुडघाभर चिखलात मधेच बसकण मारतो. त्याला बशा म्हणतात. शेपूट पिरगाळा, काठी घाला, तो ढिम्म. धन्याने शिव्या घालून घालून थकावं आणि मग कोणीतरी खूर उचलून बघावा तर आत बोटभर काटा. अडेलतट्टू म्हणजे घाटात पाठीवर ओझं घेऊन अडलेलं तट्टू. नाठाळ हाही दावणीचाच शब्द. म्हणजे माणसाला अडेल म्हणताना आपण त्याच्या पाठीवर ओझं आहे हे मान्य करतो, आणि ते आपलंच आहे हे सोयीने विसरतो.

काही शब्द मात्र वस्तूंचे आहेत. चिवट चामडं असतं, शिळी भाकरी असते. ताठर काठी असते. आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण सगळ्यांच्या तोंडी असते, पण सुंभ जळताना पाहिलेला माणूस आता मिळत नाही. म्हणून मी एकदा वर्गात काथ्याच्या दोरीचा वीतभर तुकडा पत्र्यावर ठेवून पेटवला. पोरं भोवती कोंडाळं करून बसली. दोरी लाल झाली, मग काळी, मग राखेसारखी करडी, आणि तरी एकेक पेड वळलेला तसाच दिसत होता. एका मुलीने हळूच फुंकर मारली. तेव्हा गेला.

हट्ट हा त्या मानाने घरंदाज शब्द. संस्कृतातला हठ तो हाच. त्याचा अर्थ जोर, बळजोरी. हठयोगातला हठही तोच. पण मराठीत आल्यावर तो घरात राहायला लागला. राजहट्ट, बालहट्ट, स्त्रीहट्ट अशी तिघांची मोट बांधलेली आहे. राजा, मूल आणि बाई. राजांचे दिवस गेले, मुलं मोठी होतात, उरलं कोण ते तुम्हीच बघा. जिद्द हा अरबीतून आलेला पाहुणा. हिंदीत 'जिद्दी बच्चा' म्हणजे डोक्याला ताप. मराठीत 'जिद्दी मुलगी' म्हटलं की तिचा फोटो दहावीच्या निकालाच्या पानावर. शब्द तोच, इकडे आल्यावर त्याने बढती मिळवली. आडमुठा आता बहुतेक वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत राहतो. 'प्रशासनाचे आडमुठे धोरण' हे तीन शब्द आता सुटे सापडतच नाहीत.

राहिला हेकट. हा आमच्या घरातला शब्द, त्याच्याकडे मी मुद्दाम शेवटी येतो. हट्टी माणूस हवं ते मिळवतो तरी. हेकट माणसाला, माझ्या कानाला तरी, काही मिळवायचं नसतं. त्याला फक्त सोडायचं नसतं. मग त्यात स्वतःचं वाटोळं झालं तरी बेहत्तर.

हे न सोडण्याचं प्रकरण आपल्याकडे फार जुनं आहे. आग्रह, दुराग्रह, सत्याग्रह या सगळ्यांच्या पोटात ग्रह आहे, म्हणजे पकडणं. आणि आपल्या साध्या मराठीतलं धरणं. पाणी धरतं ते धरण, आणि दारात बसून धरतात ते धरणे. हे धरणे म्हणजे पूर्वी वसुलीची रीत होती. घेणेकरी देणेकऱ्याच्या दारात जाऊन बसायचा, अन्नपाणी सोडून. तो उपाशी आहे तोवर घरातल्यांनीही जेवायचं नाही, ही लोकलाज. दोघांपैकी कोण आधी मोडतो एवढंच बघायचं. पगार थकलेले शिपाई सरदाराच्या तंबूसमोर असेच बसायचे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साली राहिलेल्या ब्राउटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत या धरण्याची हकिगत लिहून ठेवली आहे. त्याच्याही पुढची पायरी त्रागा. त्यात माणूस समोरच्याला पाप लागावं म्हणून स्वतःलाच इजा करून घ्यायचा. आज रिमोट आपटणाऱ्यालाही आपण त्रागा करतो म्हणतो. शब्दाचा जीव किती लहान झाला!

इंग्रजांना हे असलं बसणं अजिबात कळलं नाही आणि परवडलंही नाही. १८६० च्या दंडसंहितेत त्यांनी ५०८ वं कलम घातलं. देवाचा कोप होईल अशी भीती घालून एखाद्याला काही करायला लावणं हा गुन्हा. खाली समजावण्यासाठी दिलेलं उदाहरण दारात धरणे धरून बसलेल्या माणसाचंच. २०२४ च्या १ जुलैला नवी संहिता आली, तोवर दीडशेहून जास्त वर्षं वकिलीच्या पोरांनी ते पाठ केलं. कायद्याच्या पुस्तकात नुसत्या बसण्याला एवढी मानाची जागा दुसरीकडे कुठे मिळाली असेल असं मला वाटत नाही.

भूगावातून पौड रस्त्याने तुम्ही तासभर पश्चिमेला गेलात की हे धरण आणि हे धरणे समोरासमोर आले होते ती जागा लागते. शनिवार-रविवारी आमच्या दारावरून गाड्यांची जी रांग ताम्हिणीकडे जाते, ती मुळशीच्या तलावाच्या कडेकडेनेच. फोटो काढतात, कणसं खातात. पाणी निळंशार दिसतं.

टाटा पॉवर कंपनी १९१९ ची. मुळा आणि नीला यांच्या संगमाजवळ धरण घालायचं, पूर्वेला वाहणारं पाणी सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याला पाडायचं आणि त्यावर वीज करून मुंबईला न्यायची, अशी ती योजना. आज कोलाडला कुंडलिकेत बोटी उड्या मारत जातात त्या याच पाण्यावर. भिऱ्याहून पाणी सोडलं की नदी, नाही सोडलं की दगड. पण हे पाणी साठवायचं तर मुळशी पेट्यातली पन्नासच्या वर गावं बुडणार होती. आणि गावं म्हणजे नुसती घरं नव्हेत, आंबेमोहराची खाचरं. जमिनी घ्यायला सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. खाजगी कंपनीचं काम आणि त्यासाठी सरकारी कायदा. सर जॉर्ज लॉइड तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. हाणामारी नाही, नुसते बसले. जान किंवा जमीन, ही घोषणा. काम बंद पडलं. त्याच महिन्यात गांधींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना फेरविचाराचं आवाहन केलं. पण वर्षअखेरीला काम पुन्हा सुरू झालं, आणि मग अटकेचं सत्र. पुण्याहून आलेले विनायकराव भुस्कुटे या लढ्याचे खांब. पुढे या सत्याग्रहावरचं पुस्तकही त्यांनीच लिहिलं. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे उतारवयात यासाठी १९२२ साली तुरुंगात गेले. आणि पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. त्यांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली.

बापटांना कोणतं विशेषण लावायचं, यावर मी आयुष्यात बराच वेळ घालवला आहे. एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला हा हुशार माणूस. भाषणापायी शिष्यवृत्ती घालवली. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या घेऊन आला. नंतर गावात हातात झाडू घेऊन रस्ते झाडू लागला. मुळशीत आधी सत्याग्रह. पण १९२३-२४ पर्यंत लढा विरत चालला. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या त्यांत पुण्याचे सावकार बरेच. त्यांनी मोबदला घेऊन हात झटकले. मग थकलेल्या मावळ्यांनीही एकेक करून रक्कम उचलली. बापट थांबले नाहीत. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांना घेऊन धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, गोळ्या झाडल्या आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. ज्यांच्यासाठी लढायचं ते उठून गेल्यावरही जो बसून राहतो, त्याला निश्चयी म्हणावं की हेकट? माझं स्वतःचं मत विचाराल तर १९२१ चे बापट सत्याग्रही आणि १९२४ चे बापट हेकट. मी हे एकदा एका व्याख्यानात बोललो तर श्रोत्यांतले एक वयस्कर गृहस्थ उठून गेले. माझ्या घरात हेकट हा शब्द कसा वापरला जायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

धरण १९२७ साली पुरं झालं.

माझ्या आजीचे वडील त्या बुडालेल्या खोऱ्यातले. जमीन सावकाराच्या नावावर, कसायला हे. सावकाराने रक्कम केव्हाच उचलली होती. यांना घराचे आणि झाडांचे मिळून थोडे रुपये मिळायचे होते, ते घ्यायला हे गेले नाहीत. अंगठा दिला म्हणजे जमीन दिली, असं त्यांचं साधं गणित. जमीन आपली नव्हतीच, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं. सत्याग्रहात ते होते का? एक दिवस गेले होते, असं आजी सांगायची. दुसऱ्या दिवशी म्हैस व्यायली म्हणून नाही गेले.

"समदं गाव पैकं घिऊन उठलं," आजी सांगायची, "आन् ह्यो बसला उंबऱ्यावर. माय रडायची, मामा यिऊन पाया पडला. आमचा बा लई हेकट. पाऊस लागला, पानी चढाय लागलं. खालच्या आळीत शिरलं तरी हलंना. पानी पार जोत्याला लागलं तवा उठला."

उठले आणि पहिली गोष्ट काय केली, तर पहार घेऊन घराची चौकट काढली. भांडीकुंडी राहिली, दाणे भिजले, पण सागाची चौकट उंबऱ्यासकट बैलगाडीत आडवी घातली. तिच्या वर बायको आणि दोन पोरी बसवल्या आणि पावसात भूगावला बहिणीच्या दारात येऊन उभे राहिले. बहिणीने विचारलं, "दादा, हे काय आणलंस?" तर म्हणाले, "घर."

पुढे भूगावात ते मजुरी करत राहिले. मोबदल्याचे रुपये गेले ते गेलेच. आजीचं लग्न इथेच, आमच्या घरात झालं. पणजोबांना मुलगा नव्हता, म्हातारपणी ते लेकीकडे आले आणि चौकटही बरोबर आली. आमच्या घराच्या पुढच्या दाराला ती बसवली. जुन्या घरांची दारं ठेंगणी, ही तर पाच फुटांच्या वर फार तर बोटभर.

तर त्यांची ही बायको, म्हणजे माझी पणजी, मरेपर्यंत त्यांना हेकट म्हणायची. त्यांच्या हेक्यापायी दोन पोरींच्या अंगावर लग्नात मणीसुद्धा नव्हता, हा तिचा कायमचा हिशेब. आजीने तो शब्द आईकडून घेतला. पणजोबांचं नाव आमच्या घरात फारसं कोणी घ्यायचं नाही. 'हेकटबुवा' एवढंच.

मी सहावीत असताना एका पंधरा ऑगस्टला शाळेत पाहुणे आले. भाषणात त्यांनी मुळशीच्या मावळ्यांचा उल्लेख केला. करारी, बाणेदार, मोडेन पण वाकणार नाही असे. मी छाती फुगवून घरी आलो. आजी सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला पाहुणे काय म्हणाले ते सांगितलं.

"करारी म्हंजी?"

मी अर्थ सांगितला. जो शब्दाचा पक्का, ठरवलं ते सोडत नाही, कितीही संकट आलं तरी.

तिने सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "मंग हेकटच की," म्हणाली.

पुढे डी.एड. झालं, नोकरी लागली, पुस्तकं हाताळली. मोल्सवर्थचा कोश बघितला. हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी, त्याने कँडी बंधूंना बरोबर घेऊन १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ मध्ये तो वाढवून पुन्हा छापला. त्यानंतर दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले जाडजूड खंड. दोन्हींत मी तासन् तास भटकलो आहे. पण हेकट आणि करारी हे एकाच माणसाला घरचे काय म्हणतात आणि पाहुणे काय म्हणतात एवढ्यानेच वेगळे होतात, हे आजीकडून कळलं तेवढं कोशात मिळालं नाही. कोशाला घर नसतं आणि पाहुणेही नसतात, हे एक त्याचं कारण असेल.

हे कळूनही मी स्वतः काय केलं ते सांगतो. प्रगतिपुस्तकात शेरा लिहायची जागा असते. चौथीतली एक मुलगी होती, हातातली वही मागितली तर द्यायची नाही, उत्तर पुरं झाल्याशिवाय उठायची नाही, घंटा झाली तरी. तिच्या पुस्तकात मी लिहिलं, 'हट्टी आहे. स्वभावात सुधारणा आवश्यक.' त्याच वर्षी त्याच वर्गात अगदी तसाच एक मुलगा होता. त्याला लिहिलं, 'जिद्दी व चिकाटीचा.' दोन्ही शेरे एकाच शाईने, एकाच संध्याकाळी. माझ्या लक्षातही आलं नाही. वीस-बावीस वर्षांनी ती मुलगी पौडला भेटली, पाया पडली, आणि हसत म्हणाली, "गुरुजी, सुधारणा झाली नाही." तिने ते पुस्तक जपून ठेवलंय. मी तिला काय उत्तर दिलं असेल? काहीच नाही. चहा पाजला.

भूगावात आता हे शब्द रोज ऐकू येतात ते जमिनीच्या निमित्ताने. मी लहान असताना बावधन ओलांडलं की शेतंच शेतं होती. आता चांदणी चौकातून इथवर इमारतींची सलग भिंत आहे. २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला तेव्हा बाहेरच्यांना वाटलं, तालुक्यातले सगळेच विकून मोकळे झाले. सगळे नाही झाले. माझ्या एका चुलत्यांनी, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, रस्त्याला लागून असलेले अकरा गुंठे दिले नाहीत. आजूबाजूची सगळ्यांची साठेखतं झाली, टोकनं घेतली गेली, तात्यांचा सातबारा तसाच.

त्यांना लागलेली विशेषणं मी कानांनी ऐकली आहेत. पहिल्यांदा 'जुन्या वळणाचा'. ते कौतुकच होतं. मग भाव दुप्पट झाले तेव्हा सख्खे भाऊ 'आडमुठा' म्हणू लागले, कारण यांच्या तुकड्यावाचून पलीकडच्यांना रस्ता मिळेना. भाव आणखी चढले तसं गावात बोलू लागले, 'तात्या बेरकी आहे, थांबलाय.' आणि ज्यांनी आधी विकलं त्यांचे पैसे गाड्यांत आणि लग्नांत संपले तेव्हा त्याच तोंडांतून 'तात्या दूरदृष्टीचा' हे बाहेर पडलं. पंचवीस वर्षांत तात्या तसूभर बदलले नाहीत. सकाळी उठून त्या अकरा गुंठ्यांत मेथी लावायचे, एवढंच.

मी एकदा त्यांना विचारलं, का नाही दिलीत? मला वाटलं होतं, काळी आई वगैरे काहीतरी ऐकायला मिळेल, नाहीतर पणजोबांचं नाव निघेल. तात्यांनी तंबाखू मळली. "पहिल्यांदा जो एजंट आला ना, तो बूट घालून ओटीवर चढला," ते म्हणाले. "त्याला नाही म्हटलं. मग दुसऱ्याला हो कसं म्हणायचं?"

तात्या गेल्यावर त्यांच्या मुलांनी वर्षभरात व्यवहार केला. त्यांना कोणी काही म्हटलं नाही. विकणाऱ्याला लावायला विशेषण लागत नाही.

आमचं घरही दोन वर्षांपूर्वी पाडून नव्याने बांधलं. मुलाची इच्छा होती, स्लॅबचं, लिफ्टला जागा ठेवलेलं. आर्किटेक्टने नकाशा आणला, दारं सगळी सात फुटी. मी म्हटलं, पुढच्या दाराला जुनी चौकट बसवायची. आर्किटेक्ट म्हणाला, काका, ती ठेंगणी आहे, नियमात बसत नाही, दिवाणखान्यात शोभेला भिंतीवर लावू. मुलगा म्हणाला, बाबा, लोकांची डोकी फुटतील. सून म्हणाली, वरची बाजू वाढवून घेऊ. पंधरा दिवस घरात हेच. मी जास्त बोललो नाही. फक्त रोज सकाळी जाऊन, वाळूच्या ढिगाशेजारी ती चौकट ठेवली होती तिच्यावर बसायचो. एक दिवस माझी नात, वय वर्षं सहा, आईला विचारताना ऐकलं, "आजोबा हट्टी आहेत का?" सुनेने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून एक शब्द उच्चारला. मला नीट ऐकू आला.

शेवटी मधला मार्ग निघाला. मुख्य दार नव्या पद्धतीचं, आणि माझ्या खोलीला, जी अंगणातून वेगळी उघडते, ती चौकट. जुन्या तुळईचा एक तुकडा वर घालून सुताराने ती पक्की केली. उजव्या बाजूला खाली, उंबऱ्यापासून हातभर उंचीपर्यंत, लाकडाचा रंग अजून वेगळा आहे. आजी म्हणायची तिथवर पाणी लागलं होतं. सुतार म्हणाला, ही नुसती ओल आहे, पॉलिश मारतो. मी मारू दिलं नाही.

भूगावात कधी आलात तर अंगणाच्या बाजूने या. मी बहुतेक तिथेच असतो. चहा होईल. दार पाच फूट एक इंच आहे, तेवढं डोकं सांभाळा.